दोन बांधकामं, एक हप्ता: पुण्यात मेट्रोजवळ अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट घेताना

२०२१ च्या दसऱ्याला मी आणि नवरा बालेवाडीच्या बाजूला एका सेल्स ऑफिसात बसलो होतो. समोर काचेच्या पेटीत प्रकल्पाचं मॉडेल होतं आणि टॉवरला खेटून जाणारी बोटाएवढी मेट्रो. बटण दाबलं की तिच्या डब्यांत दिवे लागायचे. "मॅडम, मेट्रो आधी येईल, पझेशन नंतर," असं तिथला मुलगा म्हणाला. आम्हाला तेच ऐकायचं होतं, त्यामुळे उलटा प्रश्न कुणी विचारला नाही.

चावी मिळाली ऑगस्ट २०२५ मध्ये, करारातल्या तारखेच्या आठ महिने उशिरा. तोवर खांब उभे होते, स्टेशनांवर छपरं चढली होती, रिकाम्या गाडीची चाचणीही झाली होती. प्रवासी नेणारी गाडी मात्र नव्हती. ते आठ महिने वाकडच्या घराचं भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही भरत होतो.

मेट्रोजवळचं नवं घर घेताना आपण एकाच वेळी दोन अपुऱ्या बांधकामांवर पैसे लावतो. एक बिल्डरचं, दुसरं सरकारचं. बिल्डरला उशीर झाला तर कायद्याने व्याज मागता येतं. मेट्रोला उशीर झाला तर कुणाकडे काही मागता येत नाही. म्हणून दोन्हींची तपासणी वेगवेगळी करा. आम्ही ज्या क्रमाने करायला हवी होती, तो क्रम खाली देते आहे.

१. मेट्रो नक्की कुठवर आली आहे ते बघा

"मेट्रो येतेय" हे पुण्यात खांब उभे असतानाही म्हणतात आणि नुसता अहवाल तयार झाला तरी म्हणतात. मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत: डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल), राज्याची मंजुरी, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, टेंडर, खांब किंवा बोगदा, चाचणी, मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी, आणि मग प्रवासी.

किती वेळ लागतो याचा अंदाज आपल्याच शहरातून घ्या. पहिल्या दोन मार्गांचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे तुकडे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले. सिव्हिल कोर्ट आणि रुबी हॉलपर्यंत गाडी ऑगस्ट २०२३ मध्ये पोचली, रामवाडीला मार्च २०२४ मध्ये, आणि स्वारगेटला २९ सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे साधारण ३३ किलोमीटरला पावणेआठ वर्षं. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं. मार्च २०२५ ची मुदत हुकली. हा मार्ग पहिले दोन मार्ग बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीचा नाही, पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) खासगी भागीदारीतून घेतलेला आहे. त्यामुळे प्रगतीची माहिती शोधताना योग्य दारात जा.

आता विस्तार. पिंपरी ते निगडीचं काम जमिनीवर दिसतं. स्वारगेट ते कात्रज हा साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग, त्याला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ ची. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली यांना जून २०२५ ला मंजुरी मिळाली. खराडी, हडपसर, स्वारगेट, खडकवासला या मार्गाला नोव्हेंबर २०२५ ला. या तारखा वहीत लिहा आणि पहिल्या मार्गांना लागलेली वर्षं त्यांत मिळवून बघा. सेल्सवाला सांगेल त्यापेक्षा वेगळंच वर्ष निघेल.

माझा हिशेब असा: गाडी धावते तिथे दर जास्त द्यायला हरकत नाही. नुसते खांब असतील तर घासाघीस करा. कागदावर मंजुरी असेल तर मेट्रोच्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नका; मेट्रो कधीच येणार नाही असं धरून ते घर तुम्हाला सोयीचं आहे का, एवढंच बघा.

२. अंतर पायांनी मोजा

ब्रोशरमधली "पाच मिनिटं" बहुतेक वेळा गाडीची असतात आणि तीही पहाटे चारची. मॅपवर आमच्या गेटपासून स्टेशन सरळ रेषेत सातशे मीटर दिसत होतं. पायी गेलो तेव्हा दीड किलोमीटरच्या वर भरलं, कारण मधे हायवे आहे आणि तो ओलांडायला लांबचा अंडरपास. जुलैत त्या अंडरपासात पोटरीपर्यंत पाणी असतं हे आम्हाला नंतर कळलं.

तेव्हा टॉवरच्या गेटपासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा पावसात चालून बघा. फुटपाथ आहे का, दिवे आहेत का, जिना रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरतो, सगळं बघा. दुसऱ्या टोकालाही हेच. माझं ऑफिस हिंजवडीत, नवऱ्याचं कल्याणीनगरला. त्याला सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागणार, कारण तिन्ही मार्ग तिथेच भेटतात. उतरल्यावर ऑफिसपर्यंत रिक्षा की पीएमपीची बस, हेही धरलंत तरच खरा वेळ निघतो.

फार जवळचंही एक दुखणं असतं. उन्नत मार्गालगतच्या खालच्या मजल्यांना खिडकीतून गाडी दिसते, आणि गाडीतल्या लोकांना तुमचा हॉल. शिवाय स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बिल्डरांना जास्तीचा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो, रस्त्याची रुंदी आणि प्लॉट बसला तर ४ पर्यंत. आज बाल्कनीसमोर चिंचेचं झाड आणि मोकळा प्लॉट दिसतोय म्हणून "व्ह्यू"चे वेगळे पैसे देऊ नका. त्या प्लॉटवर उद्या तीस मजले चढू शकतात.

३. फ्लॅट बघण्याआधी पैशांचा हिशेब

उदाहरणाला कराराची किंमत ८० लाख धरू.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत स्टॅम्प ड्युटी अधिभारांसकट ७ टक्के पडते. त्यात १ टक्का मेट्रोचा अधिभार आहे, तुमचं घर मेट्रोपासून दहा किलोमीटरवर असलं तरी. म्हणजे ५ लाख ६० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ८० हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ५ टक्के, ४ लाख. (घर ४५ लाखांपर्यंतचं असेल आणि कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, ९० चौरस मीटरच्या आत असेल तर पुण्यात १ टक्काच.) आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, म्हणून या हिशेबाने वरचा खर्च ९ लाख १० हजार होतो.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याखाली ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. ८० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ६४ लाख. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी यात धरत नाहीत. म्हणजे खिशातले १६ लाख अधिक ९ लाख १० हजार, असे २५ लाखांहून जास्त आधी हाताशी हवेत. त्याशिवाय मेंटेनन्सचा ॲडव्हान्स, सोसायटीचा कॉर्पस (राखीव निधी), लीगल चार्जेस आणि फर्निचर. कॉस्ट शीटवर तळाला बारीक अक्षरांत असतं ते सगळं बेरजेत घ्या.

सवलतीसाठी बायकोच्या नावावर घर घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगते. बँक नवऱ्याला सहकर्जदार करून घेते, पण तो सहमालक नसेल तर व्याजावरची करसवलत त्याला मिळत नाही. कुठला फायदा मोठा ते सीएला विचारून ठरवा.

आणि घरभाडं. बांधकाम संपेपर्यंत भाडं आणि प्री-ईएमआय (ताब्याआधीचा फक्त व्याजाचा हप्ता) दोन्ही चालू राहतात. बिल्डरने दिलेल्या तारखेत एक वर्ष मिळवा आणि तेवढे महिने दोन्ही झेपतील का बघा. झेपत नसेल तर तयार घर किंवा रिसेल बघा, त्यात कमीपणा काही नाही. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या प्रकल्पात बिल्डरकडून घेतलं तर जीएसटीही लागत नाही.

४. सेल्स ऑफिसात

तिथे चहा-कॉफी चांगली मिळते, एसीही गार असतो. पाकीट मात्र घरी ठेवा.

"प्री-लॉन्च", "ईओआय" अशा नावांनी रेरा (गृहप्रकल्पांसाठीचा कायदा) नोंदणीच्या आधीच दोन-पाच लाख मागतात. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरच्या आणि आठहून जास्त फ्लॅट असलेल्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करणं, बुकिंग घेणं कायद्याने चालत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून या वाटेला जाऊ नका. आमच्या ऑफिसातल्या एकाचे पैसे असेच दीड वर्ष अडकले होते.

नोंदणी असली तरी कराराच्या आधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बुकिंग रद्द केलं तर किती कापायचं, तेही महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये आहे: १५ दिवसांत काही नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, पुढे २ टक्के. बिल्डरचं लेटर या नमुन्यापेक्षा वेगळं असेल तर का, ते विचारा.

"मॅडम, या मजल्यावर दोनच उरलेत," असं आम्हाला सांगितलं. त्या रात्री महारेराच्या साइटवर बघितलं तर निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक व्हायचे होते. पाडव्याची ऑफर, दसऱ्याची ऑफर, "आज टोकन दिलं तरच हा दर" हे सगळं त्याच घरातलं. तोच दर आम्हाला दिवाळीनंतर मिळाला, आणि वर मॉड्युलर किचनही.

एरिया विचारताना फक्त रेरा कार्पेट विचारा. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, टेरेस धरत नाहीत. कॉस्ट शीटवर "टोटल यूजेबल" असं काही लिहिलेलं असेल तर त्यात बाल्कनी मिसळलेली असते. एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट, हाच दर. दोन प्रकल्पांची तुलना याच आकड्याने करा. सॅम्पल फ्लॅटमध्ये बेड लहान मापाचे असतात आणि काही दरवाजे लावलेलेच नसतात, त्यामुळे सोबत टेप न्या.

५. महारेरावर एक संध्याकाळ

ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यांत जास्त माहिती इथेच मिळते. ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. पान उघडून हिरवं चिन्ह बघून बंद करू नका. नोंदणी आहे याचा अर्थ कागद जमा आहेत एवढाच; ते वाचायचं काम आपलं.

पूर्णत्वाची तारीख बघा आणि ती आधी किती वेळा पुढे ढकलली तेही बघा. सेल्स ऑफिसातली तारीख आणि इथली तारीख यांत बहुधा वर्ष-दीड वर्षाचं अंतर असतं. कायदा इथली आणि करारातली तारीख मानतो.

कमेन्समेंट सर्टिफिकेट (सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी) उघडा. आम्ही चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत केला होता. सीसी होतं अकराव्यापर्यंत. "वरचं प्रोसेसमध्ये आहे," असं उत्तर मिळालं. आम्ही नवव्यावर उतरलो. लोहगाव विमानतळाच्या, खडकी किंवा देहूरोडच्या लष्करी हद्दीच्या आसपास उंचीची परवानगी हा खरा अडथळा असतो, तिथे तर हे न विसरता बघा.

तुमचा टॉवर कुठल्या फेजमध्ये येतो ते बघा. एकाच कंपाउंडमध्ये चार फेज, चार नोंदण्या असतात. क्लब हाउस आणि स्विमिंग पूल शेवटच्या फेजमध्ये टाकलेले असतील तर तुमची मुलं दहावीला जाईपर्यंत ते होणार नाहीत.

बाकी प्रकल्पावरचं कर्ज, कोर्टातले दावे, दर तिमाहीचा प्रगती अहवाल, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीएचे दाखले. अहवालात "आठवा स्लॅब पूर्ण" असेल तर साइटवर जाऊन आठ मोजा. याच बिल्डरचे जुने प्रकल्प शोधा, त्यांच्या तारखा बघा, आणि त्यांतल्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर रविवारी सकाळी उभे राहा. तिथे राहणारे काका-काकू पाच मिनिटांत सांगतात ते पोर्टलवर नसतं.

६. सातबारा, वकील आणि पाणी

माझे वडील कराडजवळ शेती करतात. मी फोनवर स्विमिंग पूल, क्लब हाउस सांगत होते. त्यांचा पहिला प्रश्न, "सातबारा कुणाच्या नावावर आहे गं?" मी सेल्सच्या मुलाला विचारलं तर तो त्याच्या मॅनेजरकडे बघायला लागला.

पुण्याच्या कडेच्या बहुतेक प्रकल्पांची जमीन मूळ शेतकऱ्यांची असते आणि बिल्डरकडे विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र असतं. त्यात गैर काही नाही. पण कुटुंबातल्या एखाद्या बहिणीची सही राहिलेली असते आणि ती पुढे दाव्यात निघते. म्हणून स्वतःचा वकील लावा. बिल्डरने दिलेला टायटल रिपोर्ट बिल्डरच्या वकिलाचा असतो. "बँकेने प्रोजेक्ट ॲप्रूव्ह केलाय" हे उत्तरही पुरेसं नाही. बँक तिच्या कर्जापुरतं बघते. दोन-तीन चौरस फुटांच्या किमतीत वकिलाची फी निघते.

वकिलाला द्यायचे कागद, बिल्डरकडून मागून घ्या:

- सातबारा आणि फेरफार, किंवा गावठाणात प्रॉपर्टी कार्ड
- विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट
- एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, कमेन्समेंट सर्टिफिकेट
- मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरी, आणि फायरची एनओसी
- प्रकल्पावर कर्ज असेल तर त्या बँकेची तुमच्या फ्लॅटपुरती एनओसी
- अलॉटमेंट लेटर आणि कराराचा मसुदा, नोंदणीच्या आदल्या रात्री नव्हे तर निदान पंधरा दिवस आधी

सातबारा आणि फेरफार महाभूलेख या सरकारी साइटवर स्वतः बघता येतो. नोंदलेले दस्त आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर शोधता येतात. साइट रडत-रडत चालते, रात्री अकरानंतर बरी.

नदीकाठच्या भागात निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघायला विसरू नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाण्याचं वेगळं विचारा. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. नळ त्याच वेगाने आले नाहीत. "कॉर्पोरेशनची लाइन आहे का?" असं विचारलं तर "आहे" म्हणतील. "पाणी किती तास येतं आणि शेजारच्या सोसायटीत रोज किती टँकर लागतात?" असं विचारा. उत्तर शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला माहीत असतं. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं आणि ते ईएमआयसारखं कधी संपत नाही.

७. करारनामा

शंभरएक पानं असतात. वाचा. आम्ही नवरा-बायकोने तीन रात्री वाटून वाचला. मेट्रो हा शब्द त्यात एकदाच सापडला, स्टॅम्प ड्युटीबरोबरच्या अधिभारात. सेल्स ऑफिसातल्या भिंतीभर पसरलेली ती मेट्रो करारात घराच्या वर्णनात, सोयींत, कुठेच नव्हती. जे करारात नाही ते आपल्याला विकलेलं नाही, असं समजून चाला.

ताब्याची तारीख महिना-वर्षासह लिहिलेली हवी. "अमुक महिने अधिक ग्रेस पीरियड" असेल तर ग्रेस संपल्याची तारीख हीच तुमची तारीख धरा. रेरा कार्पेट आकड्यात हवं. मोजणीत फरक ३ टक्क्यांपर्यंतच चालतो. पार्किंगचा नंबर, जागा आणि माप हवं. उघडं पार्किंग विकता येत नाही, आणि यांत्रिक पार्किंग असेल तर तुमची गाडी त्यात मावते का ते बघा. आमच्या शेजाऱ्यांची मावली नाही.

हप्त्यांचं वेळापत्रक बांधकामाशी बांधलेलं असावं. महाराष्ट्राच्या नमुना करारात वरच्या मर्यादा आहेत: करारानंतर ३० टक्के, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, नळजोडणी, जिने, लिफ्टचे खड्डे झाल्यावर ८०, बाहेरचं प्लास्टर झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीज झाल्यावर ९५, आणि उरलेले ५ टक्के ओसीनंतर ताबा घेताना. यापेक्षा पुढे धावणारं वेळापत्रक दिलं तर मान्य करू नका.

"ताबा मिळेपर्यंत ईएमआय बिल्डर भरेल" ही योजनाही भेटेल. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरचे दोन हप्ते चुकले तर सिबिल तुमचा खराब होतो. आम्ही नाही म्हणालो, आणि माझ्या मते तुम्हीही म्हणावं.

८. नोंदणी

हा भाग ऐकायला भीतीदायक, करायला सोपा. स्टॅम्प ड्युटी ऑनलाइन भरायची, चलन जपून ठेवायचं, आणि हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. पॅन, आधार, फोटो, आणि ओळख पटवायला ओळखपत्रासह दोघे. फोटो आणि अंगठा होतो. अनेक बिल्डरांच्या ऑफिसातच ई-नोंदणीची सोय असते. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मिळाला की त्यावरचं नाव, फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळ तिथल्या तिथे तपासा. माझ्या आडनावात एक वेलांटी चुकली होती. दुरुस्तीचा दस्त करायला अर्धा दिवस गेला.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून तुम्ही स्वतः इन्कम टॅक्सच्या साइटवर भरायचा असतो. हे बिल्डर सांगत नाही, बँकही सांगत नाही, नोटीस आल्यावर कळतं.

९. हप्ते आणि उशीर

डिमांड लेटर आलं की आधी साइटवर जा किंवा आर्किटेक्टचा दाखला मागा, मग बँकेला रक्कम सोडायला सांगा. पैसे महारेराशी जोडलेल्या प्रकल्पाच्या खात्यातच जायला हवेत. त्यातले ७० टक्के फक्त जमीन आणि बांधकामासाठी वापरायचे असतात. दुसऱ्या कुठल्या खात्याचा नंबर दिला तर थांबा. आणि तुमचा हप्ता उशिरा गेला तर व्याज तुम्हालाही लागतं, त्याच दराने.

उशीर झाला तर कायदा दोन वाटा देतो: बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत, किंवा थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआर या पायाभूत कर्जदरावर २ टक्के. त्यासाठी महारेराकडे तक्रार करता येते, फी ५ हजार. त्याआधी सलोखा मंचाचा रस्ताही आहे.

आमच्या बिल्डरने चावी देताना एक पत्र पुढे केलं: "उशिराबद्दल माझी काही तक्रार नाही." बदल्यात वर्षभराचा मेंटेनन्स माफ. त्या दिवशी हातात नारळ होता, आई-वडील गाडीत बसले होते, आणि सही केली नाही तर चावी आज मिळणार नाही असा सूर होता. आमच्या मजल्यावरच्या तिघांनी सही केली. मी केली नाही. "हे पत्र द्यायला कायद्याने मी बांधील नाही, नकार लेखी द्या," एवढं म्हटल्यावर चावी अर्ध्या तासात मिळाली. पुढे आम्ही सात जण मिळून सलोखा मंचावर गेलो आणि व्याजाचा काही भाग आला. पूर्ण नाही आला. पण त्यांनी देऊ केलेल्या मेंटेनन्सच्या दुपटीहून जास्त होता.

१०. ताबा घेताना

पहिला प्रश्न: ओसी आहे का? "फिट-आउटसाठी चावी घ्या, ओसी येतंय" असं म्हणाले तर हात मागे घ्या. ओसीशिवाय राहायला जाणं बेकायदा आहे, आणि एकदा तुम्ही आत गेलात की बिल्डरची घाई संपते. तुमच्या मजल्यापुरतं पार्ट ओसी असेल तर चालतं, पण त्यावर तुमच्या टॉवरचं आणि मजल्याचं नाव वाचा.

मग घर. टेपने कार्पेट मोजा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघा. फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ वाजली तर खूण करा. मोबाईलचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट तपासा. पहिल्या मोठ्या पावसानंतर भिंतींचे कोपरे बघा. सगळं ईमेलने कळवा, फोनवर नाही. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरचीच असते, पण त्यासाठी तारखेचा पुरावा लागतो.

स्वतः राहणार असाल तर पुणे महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा, मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. आम्ही तो पहिल्या वर्षी भरला नाही आणि पूर्ण बिल आलं.

फ्लॅटपैकी ५१ टक्के बुक झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी नोंदवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे, आणि त्यानंतर जमिनीचं कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतर) सोसायटीच्या नावावर. आमची सोसायटी झाली, कन्व्हेयन्स अजून व्हायचं आहे. वडील दर फोनला विचारतात, "सातबारा झाला का गं सोसायटीच्या नावावर?" पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये तो विषय पहिल्या क्रमांकावर घेतला आहे.